मिरगाच्या तोंडावर अंग का ठणकतं

जूनचा पहिला आठवडा. पाऊस आलेला नसतो, पेरणी व्हायची असते, निंदण-डवरणीला अजून महिनाभर अवकाश असतो. शेतातल्या कामानं अंग मोडून यावं असा हा काळ नव्हे. तरी गेली कित्येक वर्षं मी बघते, माझ्या दवाखान्यातल्या बाकावर मान, पाठ, कंबर, पिंढऱ्या धरून बसलेली माणसं याच दिवसांत सगळ्यात जास्त असतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझा आयुर्वेदिक दवाखाना आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून वाकून कंबर धरतात तेव्हाही येतात, पण ते दुखणं वेगळं. ते एका झोपेत निम्मं होतं. मिरगाच्या तोंडावरचं दुखणं माणसाच्या आधी जागं झालेलं असतं.

"आंग असं ठनकून रायलं ताई, जसं कोनं काठीनं झोडपलं," अशाच एका जूनमध्ये आलेल्या काकू म्हणाल्या. प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरे, रक्ताचे रिपोर्ट, सगळं नीट घडी घालून आणलेलं. सगळं नॉर्मल. आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही निघालं नाही, टेन्शन घेऊ नका. काकूंना त्याचाच राग आला होता. "म्हंजे मी सोंग करून रायली काय?"

सोंग अजिबात नाही. मनाच्या ताणातून आलेली अंगदुखी खरीच असते, ती अंगातच होते, आणि ती का होते याचा बराच सविस्तर हिशोब आयुर्वेदानं मांडून ठेवला आहे.

चिंता अंगात उतरते कुठून

आपण खातो त्या अन्नाचं पचन झालं की पहिला जो धातू, म्हणजे शरीर घडवणारा घटक, तयार होतो त्याला रस म्हणतात. उसाचा, आंब्याचा नव्हे. शरीरभर फिरून प्रत्येक भागाला ओलावा आणि पोषण पोचवणारा हा पातळ भाग. त्याचं काम एका शब्दात सांगितलंय: प्रीणन, म्हणजे तृप्त करणं. हा रस ज्या वाटांनी फिरतो त्यांना रसवह स्रोतसं म्हणतात आणि त्यांचं मूळ हृदयात मानलंय.

आता चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या विमानस्थान या विभागातला पाचवा अध्याय बघा. कोणत्या वाटा कशानं बिघडतात याची तिथं यादी आहे. रसाच्या वाटा बिघडण्याच्या कारणांत जड, थंड, अति तेलकट खाणं आहे आणि त्याच्या जोडीला 'चिन्त्यानां चातिचिन्तनात्' असं आहे. चिंतेच्या गोष्टींचा अति विचार. पुढे, सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, रस बिघडला की काय होतं ते येतं: खावंसं न वाटणं, तोंडाची चव जाणं, अंग जड होणं, सुस्ती, आणि अंगमर्द. अंगमर्द म्हणजे अंग कुटल्यासारखं, मोडल्यासारखं दुखणं. काकू म्हणाल्या त्या 'काठीनं झोडपल्या'चं शास्त्रातलं नाव हेच.

विहिरीत पाणी आहे, मोटर चालू आहे, पण पाट मध्येच फुटलाय. शेवटच्या सऱ्या कोरड्याच राहतात. अति विचार रसाच्या पाटाचं असंच करतो. जेवण पोटात जातं, अंगाला लागत नाही. आपल्याकडे 'काळजीनं खाल्लेलं अंगी लागत नाही' म्हणतात. चरकांनीही जवळपास हेच लिहिलंय: चिंता, शोक, भय, क्रोध, अवघडलेली झोप आणि जागरण असेल तर मोजून खाल्लेलं चांगलं अन्नसुद्धा पचत नाही. असं अर्धकच्चं राहिलेलं अन्न म्हणजे आम. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी वाट वाताची. वात म्हटलं की लोकांना गॅस आठवतो, पण आयुर्वेदात शरीरातल्या सगळ्या हालचालींना चालवणाऱ्या शक्तीला वात म्हणतात. श्वास, स्नायूंचं आखडणं-सुटणं, मलमूत्र बाहेर पडणं, इतकंच काय, मनाची धावपळ, हे सगळं त्याच्याकडे. गुणांनी तो कोरडा, थंड, हलका आणि चंचल. राहायच्या त्याच्या जागा म्हणजे पक्वाशय (मोठं आतडं), कंबर, मांड्या, कान, हाडं आणि त्वचा. काकूंचं दुखणं नेमकं याच पत्त्यांवर होतं, तो योगायोग नव्हे. सुश्रुतांनी तर सरळच सांगून टाकलंय की वाताशिवाय वेदना नाही.

वात बिघडण्याची कारणं चरकांच्या वातव्याधीच्या अध्यायात आहेत आणि ती यादी मला फार आवडते. कोरडं, थंड, अपुरं अन्न, उपास, जागरण, ताकदीबाहेरचे श्रम, लांबची पायपीट, चिंता, शोक, क्रोध, भय, शौच, शिंक, झोप असे शरीराचे वेग दाबून धरणं, मार लागणं. सगळी एका पंगतीला. शरीराची कारणं वरच्या आळीत आणि मनाची खालच्या आळीत असा भेद तिथं नाही. शिळी भाकर जेवढं खरं कारण, तेवढंच गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज खरं कारण.

जूनचं कोडंही इथंच सुटतं. ऋतूंच्या हिशोबात वात उन्हाळ्यात साचतो, पावसाळ्यात उसळतो आणि शरदात शांत होतो. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, जमिनीला भेगा पडतात तशा टाचांना पडतात. त्या कोरडेपणावर मग बियाणं-खताची जुळवाजुळव, पाऊस येतो की नाही, आला तर टिकतो की नाही, दुबार पेरणीची धास्ती. ऋतू आणि चिंता दोघं एकाच वेळी वाताला हात देतात.

जागलीवरचं कुत्रं

आजचं वैद्यकशास्त्र वेगळ्या रस्त्यानं येतं. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ मध्ये केलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली व्याख्याच अशी आहे की वेदना हा शरीराच्या संवेदनेचा आणि भावनेचा मिळून होणारा अनुभव असतो. दोन्ही एकात एक.

रानडुकरांपासून पीक राखायला रात्री शेतात जागलीला जाणाऱ्यांना हे पटकन कळेल. मचाणाखाली बांधलेलं कुत्रं पहिल्या रात्री डुक्कर आलं की भुंकतं. रोजच डुकरं यायला लागली की आठवड्याभरात ते पाचोळा वाजला तरी भुंकतं. कुत्रं खोटं बोलत नाही, त्याचे कान तिखट झालेले असतात. महिनोन्महिने ताणात राहिलेल्या माणसाच्या मज्जासंस्थेचं तसंच होतं. एरवी जिचा पत्ताही लागला नसता अशी साधी ओढ, साधा दाब, वेदना म्हणून जाणवायला लागतो. त्यात ताणामुळे मान-खांद्याचे स्नायू आखडून राहतात, झोप तुटते, आणि मेंदूकडून वेदना दाबण्यासाठी खाली येणारे संदेश झोप तुटली की क्षीण होतात. एक्सरेत हाड दिसतं, कुत्र्याचे कान दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल येतो तो त्यामुळे.

चरकांना हे सगळं आधीच ठाऊक होतं असं काही मी म्हणणार नाही. त्यांनी मज्जातंतू पाहिले नव्हते. त्यांनी माणसं पाहिली होती, हे मात्र खरं.

तेलाची बाटली उचलण्याआधी

अंग दुखलं की तेल चोळायचं, हे आपल्या हाडात बसलेलं आहे. पण दोन दुखणी वरून सारखी दिसतात आणि त्यांचा उपाय एकमेकांच्या उलट असतो.

एक कोरडं दुखणं. टोचणारं, ओढणारं, जागा बदलणारं. गार वाऱ्यानं, उपाशी राहिल्यानं, विचारांनी वाढतं. कातडी रखरखीत, शौचाला खडा, झोप उथळ. ऊब मिळाली, कोणी चेपून दिलं की बरं वाटतं. इथं तेल म्हणजे अमृत.

दुसरं आमाचं. सकाळी उठताना अंग लाकडासारखं धरलेलं, जड, जिभेवर पांढरा थर, भूक मेलेली, सांध्यांवर कधी सूज. ताण आला की सहा-सहा कप चहा आणि भजी खाणारी माणसं असतात, त्यांच्यात हे जास्त. यांना तेल चोळलं तर दुखणं वाढतं. मग ते येऊन सांगतात, आयुर्वेदानं काही फरक पडला नाही. इथं आधी हलकं जेवण, सुंठीचं गरम पाणी, आणि कोरडा शेक: रेती तव्यावर तापवून फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि शेकायचं. भूक लागली, जीभ स्वच्छ झाली की मग तेलाचा विचार. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी मात्र तापलेल्या रेतीच्या वाटेला जाऊ नये, भाजलेलं कळत नाही. आणि सांधे सुजून सकाळी तासभराहून जास्त वेळ आखडलेले राहत असतील तर संधिवाताची रक्ततपासणी आधी करून घ्यावी.

काकूंची जीभ स्वच्छ होती, टाचांना भेगा होत्या, चार दिवसांत एकदा शौच. कोरडं दुखणं.

उपाय, आणि त्यांतला कोणता खरा

वात त्वचेत राहतो आणि त्वचेला तेलाइतकं हिताचं काही नाही, म्हणून रोज अभ्यंग करावा असं चरक सांगतात. रोज सर्वांगाला तेल लावायला शेतातल्या बाईला वेळ कुठला? वाग्भट या आयुर्वेदाच्या दुसऱ्या ग्रंथकारांनी त्यावर तोड दिलीय: डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून लावावं. मी त्यातले पाय धरते. रात्री भांडी आवरली की वाटीभर कोमट तिळाचं तेल आणि दहा मिनिटं तळपाय, पोटऱ्या. घरात काशाची वाटी असेल तर तिनं तळपाय घासावेत, ती काही फक्त लग्नाच्या भांड्यांत ठेवायला नसते. तिळाचं महाग पडत असेल तर घाण्याचं जवसाचं किंवा करडईचं चालवून घेते. ग्रंथात तिळाला मान आहे, पण न लावलेल्या तिळापेक्षा लावलेलं जवस बरं. दुखऱ्या कंबरेला निरगुडीचा पाला उकळून त्या पाण्याचा शेक. निरगुडी नाल्याकाठी फुकट उभी असते. ताप असेल, अजीर्ण असेल तर तेल नाही.

चोळल्यानं दुखणं का दबतं याचं आधुनिक उत्तरही आहे. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, हा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. पण चेपणाऱ्या हाताचं एवढंच नसतं. दुसऱ्या कोणी पाय चेपून देणं आणि स्वतः चोळणं यांत फरक पडतो. काकूंना मी विचारलं, तुमचे पाय कोणी चेपले होते शेवटचे? हसल्या. "बाळंतपनात."

झोपेवर मी तेलापेक्षा जास्त वेळ घालवते. चरकांनी दाबू नयेत असे तेरा वेग सांगितलेत, त्यांत झोप आहे. झोप दाबली तर जांभया, डोकेदुखी आणि पुन्हा तोच अंगमर्द. उपाय म्हणून दोनच गोष्टी: झोप आणि अंग चेपणं. शेतकऱ्याच्या झोपेचं गणित मात्र घड्याळावर बसत नाही. ओलिताची लाईन रात्री येते, डुकरं आणि रोही (नीलगायी) रात्री येतात. अशांसाठी वाग्भटांचा नियम सोन्यासारखा आहे: जेवढा वेळ जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही खाण्याआधी झोपून घ्यावं. जागलीवरून येऊन चहा-पोहे खाऊन मग आडवं होणं म्हणजे आमाला आवतण. आधी झोप, मग न्याहारी. पैसे न लागणारा हा उपाय घरचे ऐकतच नाहीत, कारण सकाळी सातला झोपलेला माणूस आळशी दिसतो.

जेवणाचं थोडक्यात: गरम, ओलं, थोडं तूप-तेल असलेलं आणि वेळेवर. ज्वारीच्या कण्या, मुगाचं वरण, लसूण, तेल घातलेली जवसाची चटणी. चिंतेत बायका आधी स्वतःचं जेवण कापतात, आणि उपाशी राहणं हे वाताच्या यादीतलं कारण आहे. पुरुष खर्रा खातात. खर्ऱ्यानं भूक मरते, तंबाखूनं झोप उडते, सुपारी तुरट आणि कोरडी. आणि मग मला म्हणतात, एखादी कडक गोळी द्या.

गोळ्यांचंही सांगते. अश्वगंधा, जटामांसी, ब्राह्मी, दशमूळ ही औषधं अशा दुखण्यात वापरतात. अश्वगंधेनं ताण आणि झोपेत काही आठवड्यांत फरक पडल्याचे लहान अभ्यास आहेत, मोठे आणि दीर्घकाळचे कमी. उपयोग होतो, पण जादू नाही. गरोदर बाईनं ती घेऊ नये; थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको. वाताचा सगळ्यात मोठा उपचार बस्ती, म्हणजे गुदमार्गानं औषधी तेल किंवा काढा देणं, हा आहे, काहींनी तर त्याला निम्मी चिकित्सा म्हटलंय. तो वैद्याकडेच घ्यायचा, घरी प्रयोग करायचा नाही.

आता मूळ मुद्दा. त्याच तेरा वेगांत आणखी एक आहे जो लोकांना ठाऊकच नसतो: अश्रू. रडू दाबलं तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृदयाचा त्रास, अरुची आणि चक्कर येते असं चरक म्हणतात, आणि त्यावर उपाय सांगतात झोप, मद्य आणि प्रियाः कथाः, म्हणजे आवडीच्या गप्पा. (मद्याचं आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही, आणि मी सांगतही नाही. आहे त्यानंच घरं बसली.) पण गप्पांचं घ्या. घरात कोणी गेलं की आपण म्हणतो, 'त्याची कंबर खचली'. भाषेला कळतं ते माणूस दवाखान्यात सांगत नाही. काकूंनी अंगदुखी सांगायला पाच मिनिटं घेतली. दीर गेल्याचं, त्याच्या नावावरचं कर्ज यांच्या अंगावर आल्याचं, सासूसमोर रडायचं नाही म्हणून न रडल्याचं सांगायला तीन खेपा लागल्या.

मनाच्या उपचाराला चरक सत्त्वावजय म्हणतात, म्हणजे अहितकर गोष्टींपासून मनाला आवरून धरणं. माझ्या दवाखान्यात ते अगदी साधं असतं. एकच काळजी निवडायची, तिचं कोणाशी, कोणत्या वारी, कोणता कागद घेऊन बोलायचं ते ठरवायचं, आणि रात्री अंथरुणावर त्या कागदाला हात लावायचा नाही. काकूंच्या बाबतीत तो कागद सोसायटीच्या सचिवाकडे होता. अश्वगंधेनं कर्ज फिटत नाही. पण रात्रभर दहा दिशांना पळणारं मन एका वाराला बांधलं की झोप येते, हे मी अनेकदा पाहिलंय. कोणाला गावातली संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, खंजिरी भजन यांनी तेच मिळतं.

गावात बोलायला माणूस असला की काय होतं याचा पुरावा आपल्याच भागातला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांशी ताणाबद्दल बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण सहापट झालं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले.

जे दुखणं चिंतेच्या नावावर खपवू नये

इथं मी वैद्य म्हणून थोडी कडक होते. 'ताणामुळे' असं म्हणण्याआधी काही गोष्टी खोडून काढल्याच पाहिजेत, आणि विदर्भात त्यांतल्या दोन खास आपल्या आहेत.

पहिली सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात, आदिवासींमध्ये आणि इतर समाजांतही तो आहे. तरुण मुला-मुलीचे हातपाय, हाडं वारंवार असह्य दुखत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील तर तेल बाजूला ठेवा आणि सरकारी दवाखान्यात तपासणी करा. गार हवा, पाणी कमी पिणं, थकवा आणि मानसिक ताणानंही हे दुखणं उसळतं, त्यामुळे चिंतेचं म्हणून सहज सोडून दिलं जातं.

दुसरी पाण्यातलं फ्लोराईड. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांच्या बोअरला ते जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की पाठ, मान, गुडघे ताठरतात. गावात बऱ्याच जणांची पाठ एकसारखी धरलेली आणि पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले तर बोअरचं पाणी तपासायला पाठवा. तिथं वैद्य काय करणार?

छातीतलं दुखणं डाव्या हातात, जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल तर एक मिनिटही घरी नको. ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही असेल तर आधी तपासणी. आणि जगण्यातच अर्थ नाही असे विचार येत असतील तर ते दुखण्याइतक्याच सरळपणे सांगा. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

एक शेवटचं, बाजारातल्या पुडीबद्दल. नाव नाही, कंपनी नाही, चार दिवसांत उड्या मारायला लावते, अशी 'आयुर्वेदिक' पुडी कोणी दिली तर संशय घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉईड किंवा वेदनाशामक दळून घातलेलं सापडतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, आणि एकदम बंद केली तरी जिवावर बेतू शकतं. आयुर्वेदिक औषध चार दिवसांत उडी मारत नाही. मारली तर त्यात आयुर्वेद नाही.

काकू दसऱ्याच्या सुमारास परत आल्या. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, निम्म्यावर आलं होतं, आणि झोप लागत होती. शरद लागला होता, वाताचा जोर तसाही ओसरलेला, त्यामुळे सगळं श्रेय तेलाला देता येणार नाही. सोसायटीत जाऊन आल्या होत्या. कर्जाचे हप्ते पाडून मिळाले होते, फिटलं नव्हतं. तेलाची बाटली भरून घेतली आणि दारातून वळून म्हणाल्या, "याईले बी चालन काय हे? खांदा धरला म्हनते, मंग ईचारलं का बोलतच नाई."

"घेऊन या," म्हटलं. "पण जागलीवरून आले की लगेच नको. आधी झोपू द्या त्यांना."